नवऱ्याची परवानगी

माझी बायको सबिना गेली त्याला आता दोन वर्षं होतील. ती कशी गेली हे गावात सगळे सांगतात, पण प्रत्येक जण वेगळं सांगतो. कोणी म्हणतं तापाने गेली, कोणी म्हणतं कोर्टाने नेली. एक-दोघं म्हणतात की मेल्चोरने नेली. मेल्चोर म्हणजे मी. माझ्या तोंडावर कोणी तसं म्हणत नाही. म्हणून जे झालं ते मीच सांगतो.

पाठीवरून माणसं वाहायचं माझं काम. मेक्सिकोच्या दक्षिणेला, आमच्या मिश्तेक डोंगरांत, काही वाटांवर खेचरसुद्धा पाय टाकायला बिचकतं. तिथून पाद्री, व्यापारी, आजारी माणसं यांना पाठीवरच्या खुर्चीत बसवून न्यावं लागतं. खुर्चीचा पट्टा वाहणाऱ्याच्या कपाळावर असतो आणि बसणाऱ्याचं तोंड मागे असतं. मागे पडलेली वाट त्याला दिसते, पुढची मला. सबिना चिडवायची, "गावोगावचे जाडे पाद्री डोक्यावर घेऊन फिरतोस. बायकोला एकदा तरी बसवलंस का?"

मी म्हणायचो, "तुझ्या पायांना काय झालंय?"

आमचं गाव एका टेकडीवर जगतं. गाव खाली आहे, टेकडी वर, आणि तिच्यावर सगळा निवडुंग. निवडुंगाच्या पानांवर आम्ही किरमिजी किडे वाढवतो. ते वाळवले की त्यांचा लाल रंग होतो आणि तो समुद्रापार स्पेनला जातो. हे काम बायकांचं. अंडी धरलेल्या माद्या ताडाच्या धाग्यांच्या इवल्या घरट्यात ठेवायच्या, घरटं काट्याने पानाला टोचायचं, आणि मुंग्या, कोळी लागू नयेत म्हणून हरणाच्या शेपटीने रोज पान न् पान झाडायचं. सबिनाचा हात सगळ्यांत हलका होता. ती गेल्यावर तिची शेपटी मी वापरतो. माझ्या हाताने किडे गळून पडतात.

टेकडीच्या पलीकडे गुरांची मोठी जहागीर आहे. तिचा स्पॅनिश मालक शहरात राहतो, त्याला आम्ही कधी पाहिलं नाही. आम्ही पाहायचो त्याचा कारभारी, अंब्रोसिओ. त्याची गुरं शीव ओलांडून यायची आणि निवडुंग चघळून जायची. आमच्या गावच्या लूकासने एकदा एक गाय दगड मारून हाकलली. दुसऱ्या दिवशी अंब्रोसिओच्या माणसांनी लूकासला दोरीने बांधून घोड्यामागून ओढत नेलं. त्याचा उजवा हात तेव्हापासून खांद्याच्या वर जात नाही. कोणी काही बोललं नाही. मीही बोललो नाही.

मग निरोप आला की टेकडी राजाने मालकाच्या आज्याला दिली होती, तसा कागद सापडला आहे, आणि न्यायाधीश स्वतः येऊन मालकाला टेकडीचा ताबा देणार आहेत.

आमचा गावप्रमुख ताता गास्पार. त्याच्याकडे आज्यापासून आलेलं एक कापड आहे. त्यावर शिवेचे सगळे दगड रंगवलेले आहेत. तो म्हणाला, "घाबरू नका. न्यायाधीश आला की मी कापड उलगडतो. राजाचा माणूस आहे, आंधळा नाही."

न्यायाधीश सकाळी आले. बरोबर लेखनिक, दुभाषा, आणि मालकाच्या वतीने अंब्रोसिओ. मागे जहागिरीचे आठ घोडेस्वार. आम्ही फुलांचे हार घातले. आमच्याकडे शिवेवर कोणीही आलं, अगदी भांडायला आलं, तरी आधी मक्याची गरम पेज द्यायची रीत आहे. तुंब्याची वाटी पाहुण्याच्या हातात गेली की तो रिकामी वाटी परत देईपर्यंत त्याच्यासमोर कडू शब्द काढायचा नाही. पेज सबिनाने केली होती, कोको घालून. ताता गास्पार कापड काखेत धरून वाटी परत यायची वाट पाहत उभा राहिला. आम्ही सगळेच उभे राहिलो.

न्यायाधीशांनी दोन घोट घेतले आणि एका हातात वाटी ठेवून दुसऱ्या हाताने अंब्रोसिओचा हात धरला. दोघं टेकडीवर फिरू लागले. ताबा घेतल्याची खूण म्हणून अंब्रोसिओने गवत उपटलं, दगड उचलून चारी दिशांना फेकले, निवडुंगाचं एक पान मोडलं. लेखनिक मागून लिहीत चालला. मग दुभाषा ओरडला, "हा ताबा कोणाला मान्य नसेल तर बोला!"

ताता गास्पारने वाटीकडे पाहिलं. वाटीत अजून पेज होती.

दुभाषा दुसऱ्यांदा ओरडला. तेव्हा मला दिसलं की अंब्रोसिओने आमच्या मडक्यातला डाव स्वतःच्या हातात घेतला आहे. न्यायाधीशांची वाटी निम्मी झाली की तो हसत वरून पेज ओतायचा. न्यायाधीशांना वाटत होतं की ही आदबच आहे. अंब्रोसिओ आमच्यात वीस वर्षं वावरला होता. त्याला आमची रीत आमच्याइतकीच ठाऊक होती.

मला दिसलं, पण मी बोललो नाही. घोडेस्वार माझ्यापासून चार पावलांवर होते.

दुभाषाने तिसऱ्यांदा तोंड उघडलं, तोच सबिना बायकांमधून पुढे गेली आणि तिने न्यायाधीशांच्या हातातून वाटी काढून घेतली. आमच्या म्हाताऱ्या बायकांनी तोंडावर हात ठेवले. सबिना लहानपणी पाद्र्यांच्या स्वयंपाकघरात होती, तिला त्यांची भाषा थोडी यायची. ती त्यांच्याच भाषेत म्हणाली, "माझा विरोध आहे. टेकडी गावाची आहे."

लेखनिकाने लेखणी उचलली आणि तिच्याकडे पाहिलं. "लग्न झालंय का?"

"झालंय."

"मग नवऱ्याची परवानगी लागते. त्याशिवाय बाईचं म्हणणं कागदावर चढत नाही. नवरा कोण?"

गर्दी माझ्या दोन्ही बाजूंनी सरकली. अंब्रोसिओने माझ्याकडे पाहिलं. त्याच्या हातात अजून डाव होता. सबिनाने मात्र मागे वळून पाहिलं नाही. ती वाटी धरून उभी होती. पेज नुकतीच ओतलेली होती, वाफ निघत होती, तिची बोटं भाजत होती. मी उत्तर देईपर्यंत ती वाटी खाली ठेवणार नव्हती. हे मला तिच्या पाठीवरून कळलं.

"हो," मी म्हणालो.

"तोंडात काय ठेवलंयस? मोठ्याने बोल!" दुभाषा म्हणाला.

"हो. आहे परवानगी."

सबिनाने वाटी खाली ठेवली. लेखनिकाने लिहिलं. न्यायाधीश म्हणाले, विरोध नोंदला, ताबा थांबला. नऊ दिवसांच्या आत बाईने नवऱ्यासह कचेरीत यायचं आणि क्रुसाची शपथ घेऊन हेच पुन्हा सांगायचं. नाही आली तर विरोध रद्द. बाकी गाव ताब्याच्या वेळी गप्प होतं, म्हणजे गावाची हरकत नाही असंच धरलं जाईल.

ते गेल्यावर ताता गास्पार सबिनावर खेकसला. "पाहुण्याच्या हातची वाटी ओढलीस, सबिना! माझ्या आज्याच्या काळापासून असं झालं नाही."

"ताता, पेज मी केली होती. एका माणसाला एक वाटी. त्याने चारदा भरली. तो संध्याकाळपर्यंत भरत राहिला असता."

ताताने मडक्यात वाकून पाहिलं. मग म्हणाला, "पाचव्यांदाही डाव उचलला होता त्याने." आणि काखेतलं कापड त्याने तसंच घरी नेलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी अंब्रोसिओ माझ्या दारात आला. एकटाच होता. सबिना टेकडीवर होती.

"काय मेल्चोर, कंबर बरी आहे ना? तुझ्यासारखा वाहणारा या डोंगरात नाही. बिशपसुद्धा तुझं नाव घेतो म्हणे."

मी म्हणालो, "लोक काहीही बोलतात."

"हे बघ, दिलेली परवानगी परत घेता येते. कचेरीत जायचं, म्हणायचं, गर्दीत घाबरून हो म्हणालो. झालं. बायकोला राग येईल. चार दिवस जेवण नीट मिळणार नाही, एवढंच."

"आणि नाही घेतली तर?"

"मी कुठे काय म्हणालो?" त्याने खोगिरावरून गुरांना डागण्याची सळई काढली. "घोडा दमलाय आणि ही फार जड आहे. इथे दाराशी ठेवतो. परत जाताना नेईन कधीतरी."

सळई भिंतीला टेकवून तो गेला. थंड होती ती, पण तिच्या टोकाशी जळलेले केस चिकटले होते.

सबिना आली तेव्हा मी अजून दारातच उभा होतो. तिने सळई पाहिली, मग मला पाहिलं.

"काय म्हणाला?"

"परवानगी परत घे म्हणाला."

"तू काय म्हणालास?"

"काही नाही."

"नेहमीसारखं," ती म्हणाली आणि हसली. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तर ती त्याच सळईने चुलीतली लाकडं सारत होती. "चांगलं लोखंड आहे. फुकटात आलं." मी तिच्या हातातून ती घेतली, राख पुसली, पाण्याने धुतली आणि होती तशीच दाराशी लावली. ती माझ्याकडे पाहत राहिली. या वेळी हसली नाही.

त्याच दिवशी तिला ताप भरला. त्या वर्षी खालच्या गावांत ताप होता, नाकातून रक्त यायचं आणि माणूस पिवळा पडायचा. आमच्या गावात तिला पहिला आला.

आता एक गोष्ट सांगतो, जी मी पाद्र्यालाही सांगितलेली नाही. तिचा ताप पाहून मला क्षणभर सुटल्यासारखं वाटलं. ताप आठवडाभर राहील, नऊ दिवस निघून जातील, आणि कोणी मला काही म्हणणार नाही. मी काहीच केलेलं नसेल. अंब्रोसिओ येऊन सळई घेऊन जाईल.

नऊंतल्या सहाव्या दिवशी ती म्हणाली, "खुर्ची काढ."

"ताप उतरू दे आधी."

"तो उतरेपर्यंत कचेरी थांबायची नाही. दोन दिवसांची वाट आहे."

"सबिना, मी जातो. मी सांगतो की विरोध आहे."

"तू त्या दिवशी विरोध केला नाहीस. तू फक्त हो म्हणालास. कागदावर मी आहे." तिने उठून बसायचा प्रयत्न केला. "टेकडी गेली तर मी बरी होऊन काय करू? चूल झाडू हरणाच्या शेपटीने? उचल मला. नाहीतरी एवढ्या वर्षांत कधी बसवलं नाहीस."

मी तिला खुर्चीत बसवलं, शालीने बांधलं, पट्टा कपाळावर घेतला. मी उठलो आणि तोल गेला, कारण मी पाद्र्याच्या वजनाच्या तयारीने जोर लावला होता. तिचं वजन काहीच नव्हतं.

पहिल्या दिवशी मला प्रत्येक आवाज घोड्याचा वाटत होता. वाट कड्याला धरून जाते, मान वळवता येत नाही. पट्ट्याखाली मान वळवली तर ओझं आणि माणूस दोन्ही दरीत. म्हणून मी विचारत होतो, "काय दिसतंय मागे?"

"आपली टेकडी."

थोड्या वेळाने, "आता?"

"टेकडीचा माथा. किती लहान दिसतो इथून."

दुपार कलल्यावर मला वाटलं, खाली दगड घरंगळला. "काय दिसतंय?"

"काही नाही. चाल."

रात्री आम्ही मेंढपाळांच्या झोपडीत राहिलो. तिने पाणी घेतलं, मक्याच्या भाकरीचा तुकडा तोंडात धरून ठेवला, गिळला नाही. दुसऱ्या दिवशीही तेच. मी विचारायचो आणि ती म्हणायची, काही नाही. नदीच्या उतारापाशी तिचा आवाज फार बारीक झाला होता. ती म्हणाली, "जरा भरभर चालतोस का? पाद्र्यांनाही असंच रडतखडत नेतोस?"

मी पाय उचलला. मला वाटलं तिला ताप असह्य होतोय. घसा सुकला, मांड्यांत पेटके आले, पण मी थांबलो नाही. सूर्य डोक्यावर यायच्या आत कचेरीच्या चौकात पोचलो. खुर्ची खाली टेकवली, पट्टा काढला आणि वळलो.

चौकाच्या कमानीत अंब्रोसिओ घोड्यावर होता. तीस पावलांवर.

मी खुर्चीचा दांडा धरला. "हा... हा कधीपासून?"

"काल दुपारपासून," सबिना म्हणाली.

"सांगितलं का नाहीस?"

"तुझे पाय गळाले असते. मग मला कोणी आणलं असतं?"

तेव्हापासून ती त्याच्याकडे तोंड करून बसली होती. कधी तो जवळ यायचा, कधी मागे राहायचा, हे तिने मला नंतर सांगितलं. कड्यावर एका ठिकाणी तो घोड्यावरून उतरून, पायीच, इतका जवळ आला होता की त्याने सळई ठेवल्यासारखा हात लांब केला असता तर खुर्चीला लागला असता. ती त्याच्याकडे बघत राहिली होती आणि मला म्हणत होती, काही नाही, चाल.

लेखनिकाच्या खोलीत तिला आत नेलं. तापाची बाई पाहून लेखनिकाने नाकाला फडकं लावलं आणि आपलं बाक मागे ओढलं. त्याने कागद वाचला, दुभाषाने सांगितला. सबिनाने अंगठ्यावर बोट आडवं धरून क्रूस केला. बोटं जुळेनात. मी तिचं मनगट धरलं.

"हेच म्हणणं आहे?"

"हेच."

मग लेखनिक माझ्याकडे वळला. "नवऱ्याची परवानगी कायम आहे?"

अंब्रोसिओ दाराच्या चौकटीला टेकून उभा होता. त्याच्या हातात काही नव्हतं. तो म्हणाला, "साहेब, तो तेव्हा घाबरून हो म्हणाला होता. विचारा त्याला."

लेखनिक म्हणाला, "घाबरून दिली होती का? तसं असेल तर परवानगी नव्हतीच."

मी सबिनाकडे पाहिलं. या वेळी तीही माझ्याकडे पाहत होती. तिचे ओठ फाटले होते. मला कळत होतं की मी नाही म्हणालो तर परतीच्या वाटेवर मागे कोणी येणार नाही. इथेच कुठेतरी तिला निजवता येईल, औषध देणारी बाई शोधता येईल, सावकाश जाता येईल. मी हो म्हणालो तर तोच डोंगर, तोच कडा, आणि पाठीमागे तो.

"भीती वाटत होती," मी म्हणालो. "आताही वाटतेय. माझे पाय बघा. पण परवानगी आहे. भीती पण आहे आणि परवानगी पण आहे. दोन्ही लिहा."

लेखनिकाने लेखणी बुडवली. "भीती लिहायला यात जागा नाही," तो म्हणाला. त्याने फक्त परवानगी लिहिली.

औषध देणारी बाई मिळाली, पण ती दारातूनच म्हणाली, मला पोरंबाळं आहेत. सबिना म्हणाली, घरी चल. मी पुन्हा पट्टा कपाळावर घेतला.

"काय दिसतंय मागे?" मी विचारलं.

"काही नाही."

आता मी तिच्यावर विश्वास ठेवत नव्हतो. दर शंभर पावलांनी विचारत होतो आणि ती दर वेळी तेच सांगत होती. नदी ओलांडून चढ लागला तेव्हा मी विचारलं आणि उत्तर आलं नाही. वाहणाऱ्याला कळतं. झोपलेला माणूस जड लागतो, पण ते ओझं श्वासाबरोबर हलतं; हे हलत नव्हतं. मी चालत राहिलो. थांबलो असतो तर खुर्ची उतरवून वळावं लागलं असतं, आणि मला वळायचं नव्हतं. मागे अंब्रोसिओ असेल म्हणून नव्हे. तो होता की नव्हता, मला आजही माहीत नाही. मी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आमच्या शिवेच्या पहिल्या दगडापाशी थांबलो, तेव्हा ताता गास्पारने पट्टा माझ्या कपाळावरून काढला.

चार महिन्यांनी मेक्सिकोच्या मोठ्या कोर्टाचा कागद आला. खटल्याचा निकाल लागेपर्यंत जहागिरीच्या गुरांनी शिवेचे दगड ओलांडायचे नाहीत. निकाल अजून लागलेला नाही. गुरं दगडांपलीकडे उभी राहून आमच्या निवडुंगाकडे पाहतात. ताता गास्पारने रीत बदलली नाही, पण आता पाहुण्याची वाटी एकदाच भरतात आणि डाव घरातल्या बाईच्या हातात असतो.

मी माणसं वाहायचं सोडलं. टेकडीवर किडे सांभाळतो, वाईट सांभाळतो. घोड्याच्या टापा ऐकू आल्या की शेपटी हातातून पडते.

ती सळई अजून माझ्या दाराशी आहे. गंज चढलाय. लूकास म्हणतो, दरीत फेकून दे, मी डाव्या हाताने फेकतो हवं तर. मी फेकू देत नाही. अंब्रोसिओ परत जाताना नेईन म्हणाला होता. तो आला आणि ती जागेवर नसली, तर काय होईल मला ठाऊक नाही. म्हणून रोज सकाळी टेकडीवर जायच्या आधी मी बघून घेतो, आहे ना तिथेच.